आधी खाऊ दे त्याला

पहाटे मालवण जेटीवरून होडी सुटली, तेव्हा सिंधुदुर्ग नुसता काळा आकार होता. मामा सुकाणूवर आणि मी मागे बर्फाच्या पेटीशी, आमिषाचे बांगडे शिवत. बांगड्याचं तोंड घट्ट शिवावं लागतं. नाहीतर पाण्यात ते उघडतं, आमिष गरगर फिरतं आणि दोरीला पीळ पडतो. गरी पोटात खुपसायची नाही, डोक्यावरच्या दोऱ्याच्या फासात अडकवायची. टोक आत वळलेल्या गोल गरीला मोकळं राहणं फार गरजेचं असतं.

30 वाव खोलीच्या पुढे पाणी हिरव्याचं निळं झालं. पाखरं घिरट्या घालत होती, खाली कुप्यांची, म्हणजे ट्यूना माशांची, खळबळ. दोन दोऱ्या सोडल्या, एक लांब, एक जवळ. वेग 5-6 नॉट.

जवळच्या बांगड्यामागे अचानक पाठीवरचं शीड उभं राहिलं. सेलफिश! रॉड थरथरला आणि मी जोरात हिसका दिला. दोरी सैल. बांगडा वर घेतला, तर एका कुशीला चोचीचे ओरखडे, बाकी अख्खा.

"ह्यो सुरमय नाय रे! खाव दे तेका आधी," मामा ओरडला.

खरंच होतं ते. सुरमई धावत येते आणि दातांनी कापते. सेलफिश आधी चोचीने फटकारतो आणि मग वळून आमिष तोंडात घेतो. पहिला धक्का लागतो तेव्हा त्याने बहुतेक वेळा काही खाल्लेलंच नसतं.

साडेनऊला दुसरा आला, अंगावर निळे पट्टे पेटलेले. या वेळी मी रीळ मोकळं सोडलं, गुंता होऊ नये म्हणून अंगठा अगदी हलका टेकवून. एक टकटक, मग काहीच नाही. त्या क्षणी हात आवरणं फार कठीण गेलं. मग दोरी एका लयीत सरसर निघाली. रॉडचं टोक माशाकडे करून पाचपर्यंत मोजलं आणि रिळाचा ब्रेक हळूहळू चढवला. हिसका अजिबात नाही. दोरी ताणली गेली, गरी सरकत जबड्याच्या कोपऱ्यात बसली आणि मासा पाण्याबाहेर उभाच राहिला!

ब्रेक मी आदल्या दिवशीच काट्यावर मोजून दोरीच्या ताकदीच्या साधारण चौथाईवर ठेवला होता, म्हणून त्या उड्यांत दोरी तुटली नाही. साधी गरी असती, तर एवढ्या वेळात पोटात गेली असती, आणि मग मासा सोडूनही जगण्याची खात्री नाही. अमेरिकेत अटलांटिक किनाऱ्यावरच्या बिलफिश (सेलफिशसारखे चोचवाले मासे) स्पर्धांत खऱ्या आमिषाला 2008 पासून गोल गरीच सक्तीची आहे, ती याच कारणासाठी. आपल्याकडेही सगळ्यांनी ती वापरावी असं मला मनापासून वाटतं.

हातमोजे घालून चोच धरली, गरी काढली. मामाने एकदाच विचारलं, "सोडतंस?"

"सोडतो."

त्याने होडी अगदी हळू पुढे घेतली. माशाचं तोंड पुढे ठेवून मी त्याला पाण्यातच धरून राहिलो, कल्ल्यांतून पाणी वाहू दिलं. बऱ्याच वेळाने शेपटीने जोर धरला आणि चोच माझ्या मुठीतून निसटली.

मामाने होडी सुरमईच्या खडपाकडे वळवली. मी पुढचा बांगडा शिवायला घेतला.