चाळीस कट्टे परत गेले

सोयाबीनच्या खरेदीत मला १८ वर्षं झाली. वाशीम जिल्ह्यात तालुक्याच्या बाजार समितीत हर्रासात बोली लावायची आणि माल तेलाच्या प्लांटला पाठवायचा, हे काम. लोकांना वाटतं भाव आम्ही ठरवतो. सकाळी फोनवर प्लांटचा रेट येतो, त्यातून गाडीभाडं, हमाली अन् दाण्यातली ओल वजा करायची, बस्स.

ओल मात्र माझ्या दाढेत आहे. दाणा चावून टचकन फुटला तर १० टक्क्यांच्या आत, चेपला तर १४ च्या वर. समितीचं यंत्र एकाच ढिगाचे दोनदा दोन आकडे दाखवतं.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये भाव क्विंटलला १०,००० च्या वर गेला होता. हमीभाव होता ३,९५०. मीही मोहात पडलो. घरचे पैसे घालून १०० क्विंटल ९,४०० ने भरून ठेवले. मग सरकारने १२ लाख टन सोयापेंड, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, आयातीला परवानगी दिली आणि भाव गडगडला. ८,८०० ला विकवलं नाही, ८,००० ला तर मुळीच नाही. रात्री दोनला उठून मोबाइलवर वायदा, म्हणजे पुढच्या महिन्यांच्या सौद्यांचा भाव, बघायचो. त्या वेळी वायदा बंद असतो, हे माहीत असून. शेवटी ६,१०० ला काढला. ३ लाख ३० हजार गेले.

त्याच वर्षी दसऱ्यानंतरच्या सोमवारी सहा एकरवाले एक बापू ट्रॉली घेऊन आले. ४० कट्टे, म्हणजे पोती, दाणा टपोरा, ओल १२. मी ४,९०० बोललो.

"मंग राहू द्या," म्हणाले, आणि ओतलेला ढीग पुन्हा कट्ट्यांत भरायला लागले.

आवक धो धो होती, मला त्या मालाची गरज नव्हती. तरी मी चिडलो. "बापू, अजून उतरंल!"

"उतरू द्या ना. कोनाचं देनं नाही, घरी लगन नाही. डोस्कं थंड हाये आपलं."

अडत्या हसत होता. त्याला काय, पुढच्या ढिगावर अडत, म्हणजे त्याचं कमिशन, होतीच.

२० डिसेंबरला सेबीने, म्हणजे बाजारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, सोयाबीनचा वायदाच बंद केला. प्लांटवाले चाचपडू लागले. मला मात्र झोप लागू लागली, रात्री बघायला काही उरलंच नव्हतं. फेब्रुवारीत बापूंचे कट्टे माझ्याच काट्यावर आले. ओल ९, भाव ७,००० च्या वर.

बापूंना बाजार कळतो, असं गावात झालं. मला तसं नाही वाटत. त्यांना विकायची घाई नव्हती, एवढंच. पण २०२२ चा माल त्यांनी ठेवला आणि त्यांचं बघून अर्ध्या गावाने ठेवला. त्यात सोसायटीचं कर्ज थकलेले होते, पोरींची लग्नं ठरलेले होते. मीही कोणाला "विका" म्हटलं नाही. माझं तोंड पोळलेलं होतं, सल्ला कुठल्या तोंडाने देणार?

२०२४ मध्ये तो माल ४,२०० ने आला. हमीभाव ४,६००. बापूंनी चहा घेतला, हिशेबाची पट्टी खिशात घातली, गेले. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या पोराने भाव ऐकून ओल पुन्हा मोजायला लावली, मग आणखी एकदा. समितीचं यंत्र त्या दिवशी तिन्ही वेळा एकच आकडा दाखवत होतं.