कोंबडी कुणाला विचारून अंडं देत नाही

पिल्लं आणली की पहिला प्रश्न ठरलेला, यात कोंबडे किती आणि तलंगा (तरण्या कोंबड्या) किती? आणि याचं उत्तर ज्याच्या त्याच्याकडे तयार असतं. कुणी दोऱ्याला सुई बांधून पिल्लावर धरतं, गोल फिरली तर मादी आणि सरळ हलली तर नर, कुणी म्हणतं टोकदार अंड्यातून कोंबडाच निघतो, कुणी पिल्लू उचलून त्याचे पाय कसे लोंबतात ते बघतं. गंमत म्हणजे यातला कुठलाही उपाय करा, निम्म्या वेळा बरोबर येतोच, शक्यताच मुळात दोन आहेत!

खरी विद्या जपान्यांची. १९२०च्या दशकात तिथल्या संशोधकांनी एका दिवसाच्या पिल्लाचं गुदद्वार अलगद दाबून आतला बारीकसा उंचवटा बघायचा आणि नर-मादी सांगायचं हे शोधून काढलं, पण त्यात हात बसायला भरपूर सराव लागतो आणि जरा जोर जास्त झाला की पिल्लू दगावतं, त्यामुळे घरी कुणी हा उद्योग करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. काही खास संकरांत पिल्लाच्या रंगावरून किंवा पंखाच्या पिसांवरून कळतं, पण परसातल्या सरमिसळ कळपात ते चालत नाही. आणि हो, पक्ष्यांमध्ये नर की मादी हे आईकडून ठरतं, माणसात बापाकडून. (तरी बोलणी मात्र आईनेच खायची.)

मग थांबायचं. पाचसहा आठवड्यांत एखाद्याचा तुरा इतरांच्या आधी लालबुंद व्हायला लागतो तेव्हा शंका येते, तीनेक महिन्यांनी शेपटीच्या मुळाशी लांब टोकदार चकचकीत पिसं लोंबायला लागली की शंका फिटते. आणि मग एका पहाटे तो मान ताणून, डोळे मिटून आरवायला जातो आणि निघतो अर्धवट चिरका आवाज, स्वतःच दचकतो, इकडेतिकडे बघतो आणि काही झालंच नाही असं दाखवत दाणे टिपायला लागतो. बाकीच्या ढुंकूनही बघत नाहीत.

तलंगा साधारण पाच महिन्यांच्या झाल्या की अंड्यावर येतात. सगळं सुरळीत चालू असतं आणि हिवाळ्याच्या तोंडाशी अंडी आटतात, की पुन्हा सगळे तज्ज्ञ हजर, थंडी बाधली, खाद्य बदला, दृष्ट लागली! थंडीचा दोष थोडाच असतो, कोंबडी पिसं फुगवून थंडी बऱ्यापैकी काढते. मुख्य गोष्ट उजेडाची. अंडी नेमाने यायला दिवसाला १४ ते १६ तास उजेड लागतो आणि तो तिला नुसत्या डोळ्यांनीच नाही तर कवटीतून थेट मेंदूपर्यंतही पोचून कळतो. म्हणजे कोंबडं झाकलं तरी उजाडायचं राहत नाही हे खरं, पण उजाडायलाच उशीर झाला तर कोंबडीचं काम अडतं. विषुववृत्तापासून जितकं लांब जाल तितका हा प्रकार जास्त जाणवतो.

त्यात जुन्या कोंबड्या याच सुमारास पिसं गाळतात. खुराड्यात उशी फाटल्यासारखा पसारा, आणि ती बिचारी मानेवर काटेरी कोंब घेऊन फिरते, हात लावला तर ओरडते कारण त्या कोंबांत रक्त असतं आणि दुखतं. पिसं म्हणजे जवळजवळ सगळं प्रोटीनच, ते पिसांकडे वळलं की अंड्याला कुठून उरणार?

दिवा लावून उजेड वाढवता येतो. लावायचा तर पहाटे लावा, रात्री फटकन बंद केला तर अंधारात त्यांना दांडीवर चढता येत नाही आणि त्या जमिनीवरच अडकतात. मी लावत नाही. पहिल्याच वर्षातल्या तलंगा बहुतेक वेळा हिवाळाभर थोडंफार देत राहतात, तेवढं पुरतं. तेही रोज नाही, एक अंडं तयार व्हायला २४ तासांच्या वर वेळ लागतो म्हणून ते रोज थोडं उशिरा येतं, आज सकाळी तर उद्या दुपारकडे, आणि मग एक दिवस सरळ सुट्टी.