थंडीतलं दापोली-हर्णै आणि कानाची मशीनं

कोकणात कसली आलीय थंडी, असं म्हणणाऱ्यांनी जानेवारीत भल्या पहाटे दापोलीच्या एसटी स्टँडवर उतरून बघावं. समुद्र हाकेच्या अंतरावर असला तरी दापोली डोंगरावर आहे आणि तिथला गारठा चांगलाच झोंबतो. खाली मुरुड, कर्दे, हर्णैकडे उतरलं की थंडी जरा कमी होते, पण हवा ओली होते. माझ्या दोन्ही कानांना मशीन आहे आणि या प्रवासात खरी काळजी घ्यावी लागली ती या ओलीचीच. बर्फाच्या मुलखासाठी दिलेले सल्ले इथे अर्धेच कामाला येतात, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

आम्ही पुण्याहून ताम्हिणी उतरून माणगाव, आंबेत, मंडणगड असे आलो. गाडी भाचा चालवत होता. घाट उतरताना कानाला दडे बसतात, तेव्हा आवळासुपारी चघळत राहावं, घोट गिळत राहावं. दडे बसलेले असताना मशीनचा आवाज मात्र वाढवू नका, दडा सुटला की तोच आवाज कानावर आदळतो. एसीचा झोत कानावर येऊ देऊ नका. रात्रीच्या गाडीने, कोकण रेल्वेच्या एसी डब्यातून येणार असाल तर झोपताना मशीनं डबीत घालून डबी शालीच्या आत, अंगाजवळ ठेवा. गार पडलेलं मशीन दमट फलाटावर नेलं की त्यावर दव धरतं. उतरल्याबरोबर चष्मा धुरकटला, तर मशीनचंही तेच होतंय असं खुशाल समजा.

हर्णैचा लिलाव ऐकण्यासाठी मी मुद्दाम गेले होते. हो, ऐकण्यासाठी! होड्यांवरून बैलगाड्यांत भरून मासळी पुळणीवर येते, टोपल्या ओतल्या जातात आणि पापलेट, सुरमई, कोळंबीच्या ढिगाभोवती भाव चढत जातो. बोली बोलणाऱ्या बायकांचा तो चढा, भराभर सूर मशीनशिवाय मला नुसता गलका वाटला असता. म्हणून पहाटेच्या वाऱ्यातही मशीनं कानावर असणं मला हवं होतं.

हा पहाटेचा वारा मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा. बंदरावर तोंड समुद्राकडे करून उभं राहिलं की तो मागून कानाच्या पाठीवर येतो, आणि कानामागच्या मशीनचे माइक नेमके तिथेच असतात. त्यामुळे नुसतं घूं घूं ऐकू येतं. जाड लोकरीची कानटोपी घट्ट ओढली तर दुसरीच पंचाईत. मशीनमधून बाहेर निसटणारा आवाज टोपीला आपटून पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजायला लागते. शिवाय लोकर माइकवर घासून खरखर होते ती वेगळीच. मला जमलं ते असं: पातळ, मऊ सुती स्कार्फ कानांवरून सैल घ्यायचा आणि मफलर फक्त मानेला गुंडाळायचा. चांगला ऐकणारा कान वाऱ्याच्या आडोशाला येईल असं उभं राहायचं. मफलर काढताना एक हात कानावर ठेवाच, नाहीतर चष्म्याची काडी, मफलर आणि मशीन एकदमच निघून येतात आणि वाळूत पडलेलं मशीन शोधणं फार कठीण.

सेलबद्दल. आपले नेहमीचे सेल, तपकिरी स्टिकरचा ३१२ किंवा नारिंगीचा १३, हवेतल्या ऑक्सिजनवर चालतात. गारठ्यात त्यांची आतली क्रिया मंदावते, म्हणून निम्म्याहून जास्त वापरलेला सेल पहाटे लवकर 'टूं टूं' करायला लागतो. घाईने फेकू नका. मुठीत धरून ऊब दिली की तो पुष्कळदा आणखी काही वेळ चालतो. नवा सेल स्टिकर काढल्यावर ३ ते ५ मिनिटं उघडा ठेवून मगच बसवा, आणि त्याआधी पाकीट आतल्या खिशात गरम होऊ द्या. सुटे सेल नाण्यांबरोबर ठेवू नका. जास्तीचं पाकीट घरूनच न्या, गावातल्या दुकानाच्या भरवशावर राहू नका. चार्जिंगचं मशीन असेल तर चार्जर आणि पॉवरबँक दोन्ही हवेत, वीज जाते.

बंदरावरून परतल्यावर खरी परीक्षा असते. तुम्ही गारठलेले, मशीनं गारठलेली आणि समोर उबदार स्वयंपाकघर, चुलीवर पाणी उकळतंय. लगेच त्या वाफेत शिरू नका. आधी पडवीत बसा, मशीनं काढून कोरड्या सुती फडक्याने पुसा, मग आत जा. एवढं करूनही माझ्या डाव्या मशीनच्या ट्यूबमध्ये, म्हणजे कानात आवाज नेणाऱ्या नळीत, मोहरीएवढा थेंब अडकलाच आणि आवाज एकदम बसला. अशा वेळी साचा, म्हणजे कानात बसणारा भाग, मशीनपासून सुटा करून रबरी फुग्याने ट्यूबमध्ये हवा मारायची. तोंडाने फुंकू नका, फुंकरीतही ओल असते. रात्री सेल काढून, त्याचं दार उघडं ठेवून मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवा. बंबाच्या पाण्याने आंघोळ करताना मशीनं न्हाणीघराच्या बाहेरच बरी, तिथली वाफ बाधते.

माझा कान ठणकतोय म्हटल्यावर आम्ही उतरलो होतो त्या घरच्या काकूंनी मायेने विचारलं, "ताई, लसणीचं तेल कोमट करून देऊ का, दोन थेंब घाला." मी हात जोडून नको म्हटलं. पडद्याला भोक असेल तर तेल आत जाऊन दुखणं वाढतं, आणि साच्याची किंवा रिसीव्हरची, म्हणजे कानात आवाज सोडणाऱ्या बारीक स्पीकरची, जाळी तेलाने बुजते. बाहेरून कोरडं शेकणं चालतं. काकूंनी तव्यावर फडकं गरम करून दिलं, त्याने फार बरं वाटलं. ठणका थांबला नाही किंवा कान वाहू लागला तर मात्र सरळ डॉक्टर गाठा, आणि तोवर त्या कानात साचा घालू नका.

डॉल्फिन बघायला होडीत जाताना मी मशीनं काढून घट्ट झाकणाच्या डबीत ठेवली. पाण्यापासून संरक्षणाचं मानांकन असलं तरी ती चाचणी गोड्या पाण्यात होते, खारं पाणी वेगळं. तुषार उडालेच तर गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने मीठ टिपून घ्या, मग कोरडं पुसा. हेअर ड्रायर नको, ऊन नको. डबी गाडीच्या डॅशबोर्डवरही ठेवू नका. पहाटे कुडकुडलात तरी दुपारी तिथे तिशीच्या वर ऊन तापतं.

पुढे गुहागरला जायचं असेल तर दाभोळहून धोपाव्याला फेरीबोट आहे, गाडीसकट जाता येतं. सकाळच्या फेरीला खाडीवर वारा असतो. काचा वर करून गाडीतच बसा आणि उतरायची वेळ झाली की खांद्याला हात लावून सांगायला बरोबरच्या माणसाला बजावून ठेवा, कारण इंजिनाच्या धडधडीत हाका कळत नाहीत.