मागच्या चाकाचे ४ इंच

जुन्या गाड्यांच्या मोटोक्रॉसमध्ये, म्हणजे खडबडीत मातीच्या मैदानावरच्या मोटरसायकल शर्यतीत, उतरायचं पक्कं झालं, तेव्हा मी आधी नियमावली वाचून काढली. गाड्यांच्या जाहिराती नंतर. अमेरिकेत अशा शर्यती भरवणारी मोठी संस्था म्हणजे अमेरिकन हिस्टॉरिक रेसिंग मोटरसायकल असोसिएशन. इथे सगळे तिला 'आर्मा' म्हणतात. तिच्या मोटोक्रॉसमधला 'व्हिंटेज' भाग साधारण १९७४ पर्यंतच्या बनावटीच्या गाड्यांचा. त्यांना एक पक्की अट आहे: पुढच्या चाकाची वर-खाली हालचाल ७ इंचांच्या आत आणि मागच्याची ४ इंचांच्या आत. कंपनी कुठली, इंजिन किती ताकदीचं, हे सगळं त्यानंतर. मी ओहायोत राहतो. उन्हाळ्यात या शर्यती काठावरून बघत आलो आहे, आणि बघता बघता माझं एक मत झालंय. या ४ इंचांत ज्याची गाडी जमिनीला धरून पळते, तो पुढे राहतो. जास्त ताकदीच्या इंजिनाचा माणूस पहिल्या वळणापर्यंत पुढे असतो, खडबडीत उतार लागला की हात सैल करून गॅस सोडतो.

अट ४ इंचांचीच का, हे कळल्यावर गाडी निवडणं मला बरंच सोपं गेलं. १९७३ साली स्वीडनच्या होकान अँडरसनने यामाहाच्या मोनोशॉक गाडीवर २५० सीसीचं विश्वविजेतेपद मिळवलं. मागचे दोन शॉकॲब्सॉर्बर काढून टाकीखाली एकच लांब शॉकॲब्सॉर्बर आडवा बसवायचा, ही कल्पना बेल्जियमच्या लुसियाँ टिल्कन्स यांची. ती चालते म्हटल्यावर बाकीच्यांनी आपापले शॉकॲब्सॉर्बर पुढे सरकवले, तिरके केले, आणि चार-पाच वर्षांत मागच्या चाकाची हालचाल दुपटीच्या पुढे गेली. १९७३ ची जिंकणारी गाडी १९७७ च्या साध्या गाडीपुढे खड्ड्यांवर टिकेना. त्यामुळे संस्थेने रेघ ओढली ती या बदलाच्या अलीकडे. रेघेच्या या बाजूला सगळ्यांचं मागचं चाक सारखंच बांधलेलं आहे. साठ आणि सत्तरच्या दशकातल्या गाड्या अजून अटीतटीने पळताना दिसतात, त्या या नियमामुळे.

गट ठरवायला वेळ लागला नाही. साठीच्या दशकातल्या फोर-स्ट्रोकचा गट देखणा आहे. बीएसएवर जेफ स्मिथ १९६४ आणि १९६५ ला ५०० सीसीचा विश्वविजेता होता आणि तसली इंजिनं जवळून ऐकली की छातीत धडधडतं. पण तसली चांगली गाडी महाग, आणि जड. माझं वजन पासष्ट किलोच्या आसपास आणि वय पन्नाशीच्या उंबरठ्यावर. दिवसात दोन मोटो, म्हणजे दोन स्वतंत्र शर्यती, पळवायचे आणि दुसऱ्याच्या शेवटच्या फेरीतही गाडी मनासारखी वळवता आली पाहिजे. म्हणून २५० सीसीपर्यंतच्या गाड्यांचा गट, स्पोर्ट्समन २५०.

मग आल्या गाड्या. इथे मनाचा आणि डोक्याचा बराच वाद झाला.

मन होतं ČZ वर, म्हणजे चेकोस्लोव्हाकियाच्या चेझेटवर. आम्ही येझदीवर वाढलेली माणसं. म्हैसूरला आयडियल जावाने जी गाडी बनवली तिचं मूळ तिकडचंच, आणि जावा-चेझेट ही तिथली जोडनावं. किक मारली की तोच दांडा खाली पाडून गिअरसाठी वापरायचा, ही येझदीची सवय ज्याच्या पायाला आहे त्याला चेझेट परकी वाटत नाही. शिवाय चेझेटचं नाव मोठं. पूर्व जर्मनीच्या पाउल फ्रीडरिक्सने तिच्यावर १९६६ ते १९६८ सलग तीन वर्षं ५०० सीसीचं विश्वविजेतेपद घेतलं, आणि त्या वर्गात टू-स्ट्रोक जिंकण्याची ती पहिली वेळ. बेल्जियमचा जोएल रॉबेर २५० मध्ये १९६४, १९६८ आणि १९६९ ला तिच्यावरच जिंकला. इंजिन दणकट, दुरुस्ती सोपी. पण चालवून पाहिली तेव्हा वळणात शिरताना तिचं वजन माझ्या खांद्यांना जाणवलं. मोठ्या हाडापेराच्या माणसाने ती डोळे मिटून घ्यावी, असं मी आजही सांगेन.

हुस्क्वार्नाचं नाव आता पुण्यातल्या पोरांनाही ठाऊक आहे, चाकणला बजाजच्या कारखान्यात त्या नावाच्या गाड्या बनल्या म्हणून. जुनी स्वीडिश हुस्क्वार्ना मात्र वेगळंच प्रकरण. टॉर्स्टन हॉलमनने २५० ची चार विश्वविजेतेपदं तिच्यावर मिळवली, आणि १९६६ मध्ये एडिसन डाय त्याला अमेरिकेत घेऊन आला तेव्हा इथल्या लोकांनी खरा मोटोक्रॉस पहिल्यांदा पाहिला. सरळ रेषेत खड्ड्यांवरून ती इतकी शांत जाते की वेग कळत नाही. अडचण एवढीच की किक डाव्या बाजूला. गाडी चढावर बंद पडली, मागून सगळे अंगावर येताहेत, आणि पाय उजव्या किकला सरावलेला असला की पंचाईत. सवय होते म्हणतात. गाडी घेताना किक कुठल्या बाजूला आहे आणि ती मारायला आधी न्यूट्रल शोधावा लागतो का, हे मात्र जरूर पाहावं. शर्यतीत सगळ्यात जास्त वेळ तिथे जातो.

जर्मन माइको वळणांची राणी. स्वीडनच्या ओके यॉन्सनने १९७२ ची अमेरिकेतली ट्रान्स-एएमए ही शर्यतींची मालिका तिच्यावर जिंकली होती. नुसती पुढच्या चाकाकडे बघून वळवावी इतकी ती खरी वळते. पण इंजिनातल्या प्रायमरी चेनकडे, म्हणजे क्रँकची ताकद क्लचला देणाऱ्या चेनकडे, सतत लक्ष हवं, आणि माझ्याकडे आठवड्यातून एक संध्याकाळ असते. सुझुकीची टीएम ४०० बऱ्याच ठिकाणी स्वस्तात दिसते. ती माझ्या गटात बसत नव्हती आणि बसली असती तरी घेतली नसती. तिची ताकद इतकी एकदम येते की कसलेले लोकही तिच्यापासून जपून असतात. नवख्याने लांब राहावं.

शेवटी होंडाची सीआर २५० एम, म्हणजे एल्सिनोर. कॅलिफोर्नियातल्या एल्सिनोर गावच्या प्रसिद्ध शर्यतीवरून हे नाव आलं. सोइचिरो होंडा यांना टू-स्ट्रोक फारशी आवडत नसे, कंपनी फोर-स्ट्रोकची. पण मोटोक्रॉसला हलकी गाडी हवी हे पटल्यावर १९७३ ला त्यांनी ही बाजारात आणली, आणि त्याच वर्षी गॅरी जोन्सने अमेरिकेचं २५० चं राष्ट्रीय अजिंक्यपद तिच्यावर घेतलं. ७० मिमी बोअर, ६४.४ मिमी स्ट्रोक, पाच गिअर, क्रोमोली पोलादाची चेसिस, ॲल्युमिनियमची टाकी, आणि वजन शंभर किलोच्या आतबाहेर. दुकानातून आणलेली गाडी दुसऱ्या दिवशी शर्यतीत उभी करावी, अशी ती होती. तिचा एक दोष सगळ्यांना माहीत आहे: मागचे शॉकॲब्सॉर्बर नवेपणीही कमजोर, तापले की पाण्यासारखे होतात. पण तोच भाग आज नवा, चांगला आणि नियमात बसणारा मिळतो. जो दोष बाजारातून सुटा भाग आणून निघतो, त्याला मी दोष मानत नाही.

सुट्या भागांचा हिशेब मी गाडी बघायच्या आधीच केला होता. पिस्टन, रिंगा, कनेक्टिंग रॉड, क्रँकची बेअरिंगं, ऑईल सील, क्लचप्लेटा, केबली, ब्रेक शू यांची यादी करून प्रत्येक गाडीसाठी काय आज मागवलं तर येतं ते बघत गेलो. पिस्टन बनवणारी वाइसेको कंपनी इथेच ओहायोत, मेंटर गावी आहे. एल्सिनोरच्या यादीत जवळजवळ सगळं हाताशी निघालं. स्पॅनिश बुल्टाको आणि मोंटेसा मला दिसायला फार आवडतात, पण त्यांच्या यादीत मला जागोजागी मोकळ्या जागा दिसल्या.

जुलैत लेक्सिंग्टनजवळच्या मिड-ओहायो सर्किटवर अमेरिकन मोटरसायक्लिस्ट असोसिएशनचा व्हिंटेज मोटरसायकल डेज भरतो. तिथला जुन्या सामानाचा बाजार म्हणजे आपल्या पुण्याच्या नाना पेठेतली स्पेअर पार्ट्सची सगळी दुकानं एका कुरणात आणून मांडलेली. दोन एल्सिनोर मी तिथे नीट तपासल्या. पहिली आरशासारखी चकचकीत. टाकीवरची हिरवी पट्टी नवी, नटबोल्ट नवे. मालक मात्र किक मारू देईना. प्रदर्शनाची गाडी आहे, इंजिनात ऑईल नाही म्हणे. मी नमस्कार करून पुढे गेलो. 'एल्सिनोर' म्हणून एमटी २५० ही बाजारात खपवली जाते, हेही सांगून ठेवतो. ती दिवे-इंडिकेटरवाली रस्त्याची गाडी, वेगळी आणि जड. चेसिसवरचा नंबर वाचल्याशिवाय भाव बोलू नये.

दुसरी गाडी कळकट होती, पण चालू. मामांना व्हिडिओ कॉल लावला. नाना पेठेत त्यांचं टू-स्ट्रोकचं गॅरेज होतं. आता गॅरेज बंद आहे, कान शाबूत आहेत.

"गाडी गार आहे का?" त्यांचा पहिला प्रश्न.

"हो मामा, हात लावून बघितलाय."

"गरम करून ठेवलेली कुठलीही गाडी सुरू होते. आता मार किक."

दुसऱ्या किकला सुरू झाली. थोडा निळा धूर, मग साफ. मामांनी मला गॅस न देता गप्प उभं राहायला सांगितलं. आरपीएम हळूहळू आपोआप वर चढतंय का, हे त्यांना ऐकायचं होतं. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकचं ऑईल सील वाळलं की तिथून हवा आत ओढली जाते, पेट्रोल कमी पडतं, आणि इंजिन रिकामं असताना पळायला लागतं. तशी गाडी जोरात चालवली तर पिस्टनला भोक पडतं. ही एकसारखी टुकटुकत राहिली. मग मालकाची परवानगी घेऊन प्लग काढला, पिस्टन खाली नेला, वर लाकडाची काडी टेकवून चाक मागे-पुढे हलवत रॉडला उभा प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे का ते पाहिलं. आडवा थोडा असतोच, उभा अजिबात नको. मामा म्हणाले, "काडी उडाली तर सांग." नाही उडाली.

चेसिसला मी स्वतः वेळ दिला. चिंधीला थिनर लावून मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मच्या बोल्टजवळचा सगळा मळ पुसून काढला, कारण भेगा तिथे आणि पायटेकणीच्या जोडाशी असतात आणि जाड रंगाखाली त्या दिसत नाहीत. मागचं चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवलं, तर टकटक लागली. म्हणजे बुश गेलेले. बुश स्वस्त, मालकाला दाखवले आणि भाव त्या मानाने उतरला. फोर्कच्या नळ्यांवर नख फिरवून खड्डे शोधले, टाकीत टॉर्च मारून पाहिलं. मग दोन्ही पाय पायटेकण्यांवर ठेवून उभा राहिलो. मोटोक्रॉसमध्ये अर्धा वेळ उभ्यानेच जातो, आणि हँडल आपल्याला वाकायला लावत असेल तर दहा मिनिटांत पाठ बोलते. ही अंगाला बसली. घेतली.

घरी आणल्यावर इंजिनाचे दोन्ही दरवाजे, कार्ब्युरेटरचा आणि सायलेन्सरचा, रबराने बंद करून आत ६ पीएसआय हवा भरली आणि काटा पाहत बसलो. डाव्या बाजूचं सील किंचित सोडत होतं. दोन्ही सील बदलली. नवे शॉकॲब्सॉर्बर लावायच्या आधी त्यांच्या स्प्रिंगा काढून चाक पूर्ण वर आणि पूर्ण खाली नेलं आणि अंतर टेपने मोजलं. १०० मिमीच्या जरा आत. ४ इंच म्हणजे १०१.६ मिमी, तपासणीच्या टेबलावर वाद नको म्हणून एवढी फट मी मुद्दाम ठेवली. स्प्रिंगा माझ्या वजनाच्या मागवल्या. बहुतेक तयार स्प्रिंगा नव्वद-शंभर किलोच्या अमेरिकन माणसाच्या हिशेबाच्या असतात, आणि आपल्याकडच्या अंगकाठीला त्या लाकडासारख्या लागतात. हलक्या वजनाच्या लोकांनी याकडे जरूर लक्ष द्यावं. मला इंजिनापेक्षा या एका बदलाचा फायदा जास्त झाला.

इंजिनाला मी मूळ बोअरवरून एक साइज वर नेऊन नवा पिस्टन टाकला, सिलिंडरच्या पोर्टला, म्हणजे हवा-धुराच्या वाटांना, हात लावला नाही. पेट्रोलमध्ये ऑईल ३२ ला १, कप मोजून. माझी मुलगी ते मोजते आणि डब्यावर तारीख लिहून ठेवते.

पहिल्या शर्यतीत नवख्यांच्या गटात मी मधल्या फळीत आलो. सुरुवातीच्या सरळ पट्ट्यावर माइको आणि मोठ्या हुस्क्वार्ना निघून गेल्या. पण उताराच्या खड्ड्यांवर मी गॅस सोडत नव्हतो आणि दुसऱ्या मोटोत तिथेच एकेकाला गाठत गेलो. दमट उन्हात गाडी वरच्या आरपीएमला जरा अडखळत होती, म्हणून कार्ब्युरेटरमधला पेट्रोल सोडणारा मेन जेट एक नंबर लहान लावून प्लगचा रंग पाहिला, आता तो खरपूस तपकिरी येतोय. मागचं स्प्रॉकेट दोन दात मोठं लावल्यावर दुसऱ्या गिअरमध्ये वळणातून बाहेर पडायला बरं वाटतं, पण लांब पट्ट्यावर पाचवा लवकर संपतो. पुढच्या मैदानाला चढ कमी आहे, तिथे एक दात उतरवून बघणार आहे.