मेळघाटात फिजिओथेरपी घेऊन जाताना

अमरावतीहून धारणी सुमारे दीडशे किलोमीटर. परतवाडा सोडलं की घाट लागतो, सेमाडोहनंतर मोबाइलची रेंज येते-जाते आणि पोहोचेपर्यंत दिवस कलतो. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर नीट ताबा न राहणं) असलेल्या मुलाच्या आईला शहरात सहज सांगितलं जातं, "आठवड्यातून दोनदा थेरपीला आणा." तिच्यासाठी तो रस्ता हा असतो. म्हणून आम्हीच ऑक्टोबरात धारणी तालुक्यातल्या कोरकू गावांत घरोघरी गेलो.

आशाताईंशिवाय एकाही घरात जाऊ नका. बायामाणसं घरात कोरकूच बोलतात. मराठी-हिंदी कळली तरी मुलाच्या दुखण्याबद्दल त्या आपल्या भाषेतच मोकळं बोलतात. गावच्या भुमकालाही, म्हणजे पारंपरिक वैदूलाही, आधी भेटा. घरच्यांनी मूल त्याच्याकडे नेलेलं असतंच. त्याला डावलून गेलात तर पुढच्या वेळी तुम्हाला कुणी काही सांगणार नाही.

एका घरात चार वर्षांची मुलगी आजीच्या मांडीवर आडवी होती. आजी कुटकीचा भात भरवत होती आणि दर दोन घासांनी पोरीला ठसका लागत होता. पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढलेले. शिबिरात मिळालेली व्हीलचेअर कोपऱ्यात उभी होती, तीही मोठ्या माणसाच्या मापाची. त्यात बसवलं की पोर एका बाजूला कलंडायची. आम्ही भिंतीच्या कोपऱ्यात गोधडी अंथरली, दोन्ही बाजूंना धान्याची पोती लावली, मांड्यांमध्ये कापडाची गुंडाळी ठेवली आणि तिला ताठ बसवलं. हनुवटी किंचित खाली, घास लहान, आजी समोर बसलेली. ठसके लगेच कमी झाले. आजीने न सांगता पुढचा घास आणखी लहान केला, तेव्हा मला भरून आलं.

थेरपी त्या घराच्या दिवसात बसली तरच टिकते, असं माझं ठाम मत आहे. मूल कडेवर घेताना त्याचे पाय कमरेच्या दोन्ही बाजूंना ठेवा, एवढं आईला दाखवलं तरी पाण्याला जाता-येता मांड्यांचे स्नायू ताणले जातात. तिला व्यायामाच्या यादीचा कागद देऊन उपयोग नाही. चालू लागलेल्या मुलासाठी अंगणात बांबूचे दोन समांतर कठडे त्याच्या काकांनी तासाभरात बांधून दिले.

स्प्लिंट, म्हणजे हात-पाय योग्य स्थितीत धरून ठेवणारे आधार, तयार मापाचे नेऊ नका. माप तिथे घ्या, आणि दिल्यावर अर्ध्या तासाने काढून कातडी बघा. लाली वीस मिनिटांत गेली नाही तर तो स्प्लिंट घालायचा नाही. वाकड्या पावलाचं तान्हं बाळ दिसलं तर मालिशवर वेळ घालवू नका. पोन्सेटी पद्धतीच्या प्लास्टरसाठी त्याला लगेच पाठवा आणि नंतरचा ब्रेस चार-पाच वर्षांचं होईपर्यंत रात्री घालावा लागतो, हे घरच्यांना आधीच सांगा. झटके येणाऱ्या मुलाला आधी धारणीच्या उपजिल्हा रुग्णालयात डॉक्टरांना दाखवा. व्यायामाने झटके थांबत नाहीत.

कागदपत्रांना एक पूर्ण दिवस ठेवा. बऱ्याच मुलांकडे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, नसतं, कारण आधारमधलं नाव आणि जन्मदाखल्यावरचं नाव जुळत नाही. ग्रामसेवकाला सोबत बसवा. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर केंद्र सरकारच्या निरामय आरोग्य विम्यात वर्षाला 1 लाखापर्यंतचा खर्च मिळतो आणि थेरपीही त्यात येते. गावात हे ठाऊक असलेलं एकही घर आम्हाला भेटलं नाही.

वेळ नीट निवडा. दिवाळीनंतर अनेक कुटुंबं मजुरीला बाहेर पडतात आणि मूलही सोबत जातं. मोहाची फुलं वेचायच्या दिवसांत सकाळी घरात कुणी सापडत नाही, तेव्हा दुपारनंतर जा. पुढच्या भेटीची तारीख ठरवूनच गाव सोडा. शक्यतो ती होळीच्या आठवड्यातली धरा, त्या सणाला बाहेर गेलेली माणसं गावी परततात.