मोठी फर्म आली, आता आमचं काय?

प्रश्न जवळजवळ नेहमी याच शब्दांत येतो. देशभर शाखा असलेली एखादी वकिलांची फर्म शहरात ऑफिस उघडणार अशी बातमी लागली, की कोर्टातल्या बार रूममध्ये, म्हणजे वकिलांच्या खोलीत, कुणीतरी मला बाजूला घेतं. विचारणारा कधी पाच वर्षांची प्रॅक्टिस असलेला, कधी केस पिकलेला. मलाच का विचारतात ते उघड आहे. अशा एका फर्मच्या शाखेत मी सात वर्षं काढली आणि मग बाहेर पडून स्वतःचं ऑफिस थाटलं. दोन्ही घरचा पाहुणा, पण सुदैवाने उपाशी राहिलो नाही.

तर, तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तुमची भीती चुकीच्या जागी आहे. तुम्हाला वाटतं अशील पळतील. अशील फारसे पळत नाहीत. पळतात ते ज्युनिअर.

आधी फर्म येते कशाला, ते बघा. बोर्ड एकच असला तरी त्यामागे धंदे दोन असतात. एक प्रकार स्वस्त मनुष्यबळाचा. ऑरिक या अमेरिकन फर्मने 2002 साली आपलं पडद्यामागचं ऑफिसचं कामकाज वेस्ट व्हर्जिनियातल्या व्हीलिंग या लहानशा शहरात हलवलं. ॲलन अँड ओव्हरी आणि हर्बर्ट स्मिथ या लंडनच्या फर्म 2011 मध्ये बेलफास्टला गेल्या, फ्रेशफील्ड्स 2015 मध्ये मँचेस्टरला. त्या तिथल्या वकिलांची कामं घ्यायला गेल्या नव्हत्या. मोठ्या शहरातल्या व्यवहारांची कागदपत्रं कमी भाड्याच्या जागेत, कमी पगारात तपासून घ्यायची होती. अशी फर्म तुमच्या शहरात आली तर तिचा माणूस तुम्हाला कोर्टाच्या पायरीवर दिसणारही नाही.

दुसरा प्रकार खरा. फर्मच्या एखाद्या मोठ्या अशिलाचं, बँकेचं किंवा विमा कंपनीचं, इथे काम वाढलेलं असतं. मग ती इथले दोन-तीन नावाजलेले सीनिअर त्यांच्या माणसांसकट उचलते. हे जमतं, कारण वकिलाचा अशील ही कुणाची मालमत्ता नाही. अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेच्या आदर्श नियमांतला 5.6 हा नियम तर स्पष्टच सांगतो, की फर्म सोडल्यावर प्रॅक्टिस करायची नाही असा करार वकिलाकडून करून घेता येत नाही. आपला वकील निवडायचा हक्क अशिलाचा. म्हणजे सीनिअर गेला की त्याचे अशीलही मागोमाग जाणार, असा सगळ्यांचा हिशेब.

ज्यांच्या हाताखाली मी काम करायचो, ते आमचे सर असेच गेले आणि त्यांच्याबरोबर मीही. पहिल्याच आठवड्यात सरांच्या अशिलांची यादी मुख्य ऑफिसकडे कॉन्फ्लिक्टच्या, म्हणजे फर्मच्या इतर अशिलांशी हितसंबंध आड येतात का याच्या, तपासणीसाठी गेली. फर्म देशभर एका बँकेचं काम बघत होती आणि सरांनी उभी हयात त्याच बँकेविरुद्ध लहान कारखानदारांची बाजू लढवण्यात घालवली होती. दोन्ही बाजूंचा वकील एकाच छपराखाली चालत नाही, त्यामुळे त्या सगळ्या फायली सोडाव्या लागल्या. सरांनी त्या स्वतःच्या हाताने बांधल्या. मी शेजारी उभा होतो, काय बोलावं ते सुचलं नाही.

उरलेल्यांचा निकाल दराने लावला. ताशी किती घ्यायचे हे आता सर ठरवत नव्हते, दर वरून यायचा. जुने अशील भेटायला आले, दर ऐकला, कौतुकाने नवं ऑफिस बघितलं आणि पुढचं काम दुसरीकडे दिलं. वर्ष संपताना सरांच्या जुन्या अशिलांपैकी निम्मेही राहिले नव्हते. गेले कुठे? जे आज मला हा प्रश्न विचारतात, त्यांच्याकडेच! फर्म जितकी मोठी, तितके तिचे अशील जास्त, आणि तितकी तिला न घेता येणारी कामं जास्त. ही कामं शेजारच्या लहान ऑफिसांत जाऊन पडतात.

(टाइमशीटबद्दल, म्हणजे कामाच्या वेळेच्या नोंदीबद्दल, सांगितल्याशिवाय राहवत नाही. तासाचे दहा भाग, म्हणजे दर सहा मिनिटांचा हिशेब. तीस वर्षं मनाने वकिली केलेल्या सरांनी पहिल्या दिवशी लिहिलं होतं, 'विचार केला, 0.4'. मुख्य ऑफिसने विचारलं, कशाचा?)

आता ज्युनिअरांकडे येतो. चेंबरमधला, म्हणजे सीनिअरच्या स्वतःच्या ऑफिसातला, व्यवहार कधी कागदावर नसतो. पैसे जेमतेम, ते कधी मिळतील तेही सरांच्या मर्जीवर. बदल्यात शिकायला मिळेल, आज मुदत मागायला, उद्या एखादा किरकोळ अर्ज चालवायला उभं राहता येईल, आणि कधीतरी एक दिवस हे ऑफिसच आपलं होईल, अशी न बोललेली आशा. फर्म येते आणि या सगळ्यासमोर एक आकडा ठेवते. ठरल्या तारखेला पगार, रजा, आजारपणाचा विमा. घरी सांगता येईल असं पदही. सीनिअर म्हणतात, हल्लीची मुलं कृतघ्न. मला हे पटत नाही. ज्या मेहनतीचा आपण कधी हिशेबच केला नाही, तिची किंमत कुणीतरी सांगितली आणि आपल्याला राग आला, एवढंच.

पण मुलं जे देऊन बसतात, तेही थोडं नाही. तिकडे दावे मोठ्या रकमांचे, त्यामुळे तीन वर्षांच्या वकिलाला युक्तिवादाला कोण उभं करणार? तो कागद लावतो, करार वाचतो, तारखांचे तक्ते बनवतो, दुसऱ्याने बोलायच्या मुद्द्यांचा मसुदा करतो. हे काम हलकं नाही. नेटका ड्राफ्ट म्हणजे काय ते मी तिथेच शिकलो. मात्र न्यायाधीशांनी अचानक भलताच प्रश्न टाकल्यावर पायाखालची जमीन सरकते, ती सरकू देऊनही बोलत राहायचं, हे मी आधी चेंबरमध्ये शिकलो होतो. शाखेतल्या माझ्या बरोबरीच्यांपैकी काहींना ते पुढेही जमलं नाही. हुशारीत ते माझ्यापेक्षा उजवे होते.

इकडे ज्युनिअर गेलेल्या ऑफिसचं काय होतं, ते लगेच कळत नाही. अशील असतात, फायली असतात, बोर्डवरचं नाव तेच. फक्त सीनिअर साठीला आला की मागे कुणी नाही हे लक्षात येतं.

शाखेच्या आयुष्याबद्दलही ऐका. बाहेरून आलेली फर्म म्हणजे कायमची, असं धरून चालू नका. अमेरिकेतली फिनली कंबल ही फर्म शहराशहरांत नावाजलेले पार्टनर विकत घेत फुगली आणि 1987 च्या अखेरीस मोडली. ड्युई अँड लबफने पार्टनरांना ठरावीक रकमांची हमी देऊन ठेवली होती, ती 2012 च्या मेमध्ये दिवाळखोरीत गेली. उलट आज जगभर पसरलेल्या डीएलए पायपरचं इंग्लंडमधलं मूळ लीड्स-शेफील्डकडच्या फर्ममध्ये आहे. लिव्हरपूलच्या फर्मशी 1996 मध्ये विलीनीकरण, अमेरिकन फर्मशी 2005 मध्ये. कधीकाळी तीही 'बाहेरगावची' होती. आमची शाखा बंद झाली नाही, पण एका वर्षी निम्मी झाली. ज्या बैठकीत ते ठरलं तिथे शाखेतलं कुणीही नव्हतं. मी त्यानंतर बाहेर पडलो.

गेल्या महिन्यात हाच प्रश्न एका मुलाने वेगळ्या तऱ्हेने विचारला. त्याला एका फर्मकडून बोलावणं आलं होतं, पगार तिप्पट. 'सर, तुम्ही माझ्या जागी असता तर?' मी म्हटलं, त्यांना एवढंच विचार, पहिल्या दोन वर्षांत मी कोर्टात किती वेळा उभा राहीन? त्याने विचारलं. उत्तर आलं, 'गरजेनुसार.' तो गेला.

तो माझाच ज्युनिअर होता. चार वर्षं होता, आणि त्याला किती देतो हे त्याने तिप्पट म्हटल्यावर मी पहिल्यांदा नीट बेरीज करून पाहिलं. त्याच्याकडच्या एका फाइलची उद्या तारीख आहे. समासात त्याने पेन्सिलीने मुद्दे काढून ठेवलेत, चांगले आहेत. त्यावरूनच मी उद्या बोलणार आहे.