एका बेदाण्याला दहा मिनिटं

जर्मनीत श्टुटगार्टमधल्या एका हॉलमध्ये आम्ही बारा जण गोल बसून प्रत्येकी एक बेदाणा खात होतो. आधी तो तळहातावर घेऊन नुसता बघायचा. मग बोटांत फिरवायचा, कानाजवळ नेऊन दाबायचा (हो, कानाजवळ!), वास घ्यायचा, ओठाला लावायचा. चावायची परवानगी सगळ्यात शेवटी. दहा मिनिटं गेली.

माझं पित्त दोन वर्षं हटत नव्हतं आणि आरोग्य विमा फीचा बराचसा भाग देत होता, म्हणून मी सजगतेच्या, म्हणजे माइंडफुलनेसच्या, या आठ आठवड्यांच्या वर्गाला गेले. जॉन कबात-झिन यांनी १९७९मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला सुरू केलेली ही पद्धत. बेदाणा हा तिचा पहिला धडा. मला मात्र अथणीची मावशी आठवत होती. त्यांच्या बेदाण्याच्या शेडवर आम्ही पोरं ओंजळीनं बकाणा भरायचो. आणि इथे एक! तोही मोजून दिलेला!

मधल्या सुट्टीत मी सगळ्यांना ऐकवलंच. चरकसंहितेत सांगितलंय, फार भराभर नको, फार रेंगाळत नको, न बोलता, न हसता, मन लावून जेवा. आमच्याकडे पंगतीत 'सावकाश होऊ द्या' म्हणायची रीतच आहे. शिकवणाऱ्या बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. मी घरी गेले ती जरा तरंगतच.

मग मे महिन्यात बेळगावला आले. खानापूरला चुलत बहिणीचं लग्न होतं. दुसऱ्या पंगतीत जागा मिळाली, पानात मांडे. म्हटलं, आता खरी सजगता. पहिला घास तोंडात धरला. कागदासारखा पापुद्रा दुधात भिजून जिभेवर बसतो, मग पिठीसाखर विरघळते, आणि वेलदोडा येतो तो पार शेवटी. तीस वर्षं मांडे खाल्ले, पण वेलदोडा शेवटी येतो हे मला माहीत नव्हतं.

यजमान हात जोडून फिरले, "सावकाश होऊ द्या." ते पुढे सरकतात तोच माझ्या खुर्चीच्या पाठीवर कुणाचा तरी हात आला. मागोमाग पर्स टेकली. वळून बघितलं तर एक काकू हसत होत्या. "सावकाश, सावकाश. आमची बस साडेतीनला आहे, म्हणून म्हटलं."

उरलेला मांडा मी गिळला. न बोलता, न हसता. चरकाचं तेवढं पाळलं.

तिकडे खुर्चीमागे कुणी उभं राहत नाही, हे खरं. पण संध्याकाळी थंड ब्रेडवर चीज ठेवून त्याला जेवण म्हणतात. ते सावकाश खाल्लं काय नि भराभर खाल्लं काय! आणि आपण तरी कुठे जिंकलो? आमच्या शहापूरच्या घरी बाबा बातम्या बघत सात मिनिटांत ताट रिकामं करतात. मी घड्याळ लावून बघितलं. पोट भरल्याची खबर मेंदूला पोचायला साधारण वीस मिनिटं लागतात, हे सांगितलं तर म्हणाले, "तवर मी झोपलेलो असतो."

वर्गाचा फायदा झाला नाही असं म्हणणार नाही. पित्ताची गोळी आता क्वचित लागते. पैसे वाया गेले नाहीत, एवढं दादाला उद्देशून.

निघताना आईनं कडक भाकरीचं पाकीट आणि शेंगाचटणी बॅगेत कोंबली. ज्वारीची ती पापडासारखी भाकरी घाईनं खाताच येत नाही, टाळूला टोचते. बराच वेळ चावत राहिलं की चटणीच्या तिखटाखालून गोडवा सुटतो. लाळ पिठातल्या स्टार्चची साखर करायला तोंडातच सुरुवात करते, त्याचा तो गोडवा. बेदाणा काय, आधीच गोड असतो.

परवा ऑफिसच्या किचनमध्ये एक भाकरी काढली. पहिल्याच घासाला असा कडाका निघाला की शेजारच्या टेबलावरचे दोघे बोलायचे थांबले. मी चावत राहिले. त्यातल्या एकानं विचारलं, दुखतंय का कुठे?